छत्तीस फोटोंचा रोल आणि भाचीचा फोन

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारे गृहस्थ ५७ वर्षांचे आहेत. कॉलेजात असताना त्यांनी एक जुना एसएलआर (भिंगातूनच समोरचं दृश्य दाखवणारा) कॅमेरा घेतला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं रोलवर फोटो काढले. रोल स्वतः धुवायचे, प्रिंटही स्वतः काढायचे. बाथरूमच्या झरोक्याला काळं कापड ठोकून तिथेच डार्करूम केली होती. आता डिजिटल कॅमेरा वापरतात, पण सगळं मॅन्युअलवर. ते हौशी छायाचित्रकारांच्या एका गटात आहेत. गटाच्या यंदाच्या प्रदर्शनात त्यांचा एकही फोटो निवडला गेला नाही. त्यांच्या १९ वर्षांच्या भाचीचा मात्र निवडला गेला, आणि तो तिने फोनवर काढलेला होता. फोटोत तिची आजी, म्हणजे पत्रलेखकांची आई, खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे.

ते लिहितात, ‘भाची अर्धा-पाऊण तास नुसती जमिनीवर बसून आईशी गप्पा मारत होती. मधेच फोन वर केला, एक फोटो काढला आणि परत गप्पा सुरू. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भिंगातलं छिद्र, हे तिला माहीत नाही. फोकस फोनने केला, उजेड फोनने सांभाळला, मागची भिंत धूसर केली तीही फोनने. मग यात तिचं काय? प्रदर्शनात चार लोकांसमोर मी तिला म्हणालो, फोटो छान आहे, पण हे फोनचं काम आहे, तुझं नाही. तेव्हापासून ती मला फोटो दाखवत नाही.’

त्यांचे प्रश्न असे: सगळं इतकं सोपं झाल्यावर फोटोग्राफीला कला म्हणायचं का? पुढच्या वर्षी मोबाइलच्या फोटोंना वेगळा विभाग ठेवावा असं गटाला सुचवावं का? की आपणच आता कॅमेरा कपाटात ठेवून द्यावा?

उत्तर:

नमस्कार.

झरोक्याला ठोकलेलं काळं कापड वाचलं आणि मी तुमच्या पत्रापाशी थांबले. मीही डार्करूममध्येच शिकले. फिल्म रिळावर चढवताना लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखात सगळं बोटांनी करायचं. प्रिंटच्या वेळी लाल दिवा चालतो. त्या उजेडात ट्रेमधला कोरा कागद हलवत राहायचं. आधी काहीच नसतं. मग केस दिसू लागतात, मग डोळ्यांची बुबुळं, मग सावकाश उरलेला चेहरा वर येतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. बोटांना लागलेला आंबट वास दोन-दोन दिवस जात नसे आणि तोही नकोसा वाटत नसे.

हे सगळं अंगात मुरायला तुम्हाला वर्षं लागली असणार. किती रोल वाया गेले असतील, आणि ३६ फोटोंत दोन बरे निघाले तरी आठवडा आनंदात गेला असेल. तेच काम आज कुणी काचेवर बोट टेकवून करतं, तेव्हा आत काहीतरी तुटतं. त्याला मी हेवा म्हणणार नाही. ज्या ज्ञानावर आपली ओळख उभी होती, ते ज्ञान एकाएकी कुणाला लागेनासं झालं तर माणसाला वाईट वाटणारच.

पण त्या दुखण्याच्या भरात तुम्ही भाचीच्या फोटोचा जो निवाडा केलात, तो मला पटलेला नाही. का पटला नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण असाच प्रश्न मनात घेऊन बसलेले आणखी पुष्कळ जण आहेत.

आधी तुमचाच कॅमेरा घेऊ. त्या एसएलआरमध्ये बहुधा उजेड मोजणारा मीटर होता. सुई मध्यावर आणली की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, जमलं. रोल कारखान्यातून तयार होऊन डबीत बंद होऊन यायचा आणि त्याचा वेग, म्हणजे त्याला किती उजेड लागतो ते, डबीवरच छापलेला असायचा. आता १८५१ सालचा छायाचित्रकार डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव आपल्या हाताने ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, फोटो घ्यायचा आणि काच वाळायच्या आत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, धुऊनही काढायची. घराबाहेर फोटो काढायचा तर डार्करूमचा तंबूच बरोबर न्यायचा. या माणसाच्या हातात तुमचा डबीतला रोल दिला असता, तर तो काय म्हणाला असता? तुम्ही भाचीला जे म्हणालात तेच.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल, तरी एकदा ओळीने मांडते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि तंबूची गरज संपत गेली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला. त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, तिथून प्रिंट आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत. ‘तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आमच्याकडे लागलं’, अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा शाळकरी मुलांच्या हातात गेला. मुरलेल्या मंडळींनी प्रत्येक वेळी नाकं मुरडली. रंगीत फिल्मचंही तेच झालं. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगल्स्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचे रंगीत फोटो भिंतीवर लावले, तेव्हा त्यांची खिल्ली उडवली गेली. आज त्या प्रदर्शनाचं नाव घेतल्याशिवाय रंगीत फोटोग्राफीचा इतिहास सांगता येत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. कवी शार्ल बोदलेअरने १८५९ साली लिहिलं की ज्यांना चित्रकला जमली नाही किंवा जे तिच्यासाठी फार आळशी आहेत, त्यांनी शोधलेला आसरा म्हणजे फोटोग्राफी. चित्रकाराचा हात जे करायचा ते आता यंत्र करतं, मग यात माणसाचं काय, हाच त्यामागचा रोख. म्हणजे ‘हे यंत्राचं काम आहे, तुझं नाही’ हे वाक्य भाचीच्या आधी तुम्हाला आणि मला ऐकवून झालेलं आहे. डार्करूममध्ये रात्र-रात्र घालवलेल्या प्रत्येकाला ते ऐकवलेलं आहे. त्या वेळी आपली बाजू मांडणाऱ्यांनी काय सांगितलं? कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं, चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. तो युक्तिवाद आपल्याला हवाहवासा वाटला. तोच आता तिच्यासाठी वापरायची वेळ आली आहे.

आता तिच्या फोटोकडे या. तो मी पाहिलेला नाही, पण तुम्हीच पत्रात त्याच्याबद्दल बरंच सांगितलंय, कदाचित नकळत. ती अर्धा-पाऊण तास जमिनीवर बसून होती. जमिनीवर बसलं की डोळे आजीच्या हातांच्या पातळीला येतात. उभं राहून काढला असता तर आजीच्या डोक्याचा वरचा भाग आला असता आणि सुई कुठेतरी हरवली असती. ती गप्पा मारत होती, म्हणून आजी फोन विसरून गेली. फोन समोर धरला की वयस्कर माणसं पदर सारखा करतात आणि ताठ होऊन बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि मग दोरा सुईच्या नेढ्यापाशी आला, तो क्षण तिने ओळखला. एकच फोटो काढला, असं तुम्हीच लिहिलंय. हातात हवे तितके फोटो देणारं यंत्र असताना तिने एकच काढला.

त्या पाऊण तासाला तुम्ही ‘नुसती बसून होती’ म्हणालात. मला तर त्या फोटोतलं निम्म्याहून अधिक काम तिथेच झालेलं दिसतं.

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झचं एक उदाहरण देते. हातात धरून वापरायच्या छोट्या कॅमेऱ्याला तेव्हाचे गंभीर छायाचित्रकार खेळणं समजत. तिवईवर ठेवायचा मोठा कॅमेरा तोच खरा. २२ फेब्रुवारी १८९३ ला न्यूयॉर्कमध्ये हिमवादळ चालू असताना स्टिग्लिट्झ असाच हातातला कॅमेरा घेऊन रस्त्यावर तीन तास उभा राहिला आणि बर्फातून येणाऱ्या घोडागाडीचा फोटो त्याने मिळवला. कॅमेरा सोपा होता, म्हणूनच तो वादळात नेता आला. ते तीन तास मात्र कुठल्याही कॅमेऱ्यात भरून मिळत नव्हते. तुमच्या भाचीचा पाऊण तास याच जातीचा आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, अशी आपली म्हण आहे. तुम्ही ती उलटी केलीत. भाचीचा नाच चांगला झाला, तो अंगण सरळ होतं म्हणून, असं तुमचं म्हणणं. पण तेच सरळ अंगण आज सगळ्यांकडे आहे. तोच फोन घेऊन, त्याच खिडकीशी, त्याच आजीचा फोटो तुमच्या घरातल्या आणखी चार जणांनी काढला असेल. ते फोटो प्रदर्शनात का गेले नाहीत, याचं उत्तर फोनमध्ये सापडणार नाही.

इथपर्यंत मी तिची बाजू घेतली. आता तुमच्या बाजूचंही सांगते, कारण ती बाजू पोकळ नाही.

तंत्र जाणणं हे निव्वळ ओझं होतं आणि ते उतरलं ते बरं झालं, असं मी मानत नाही. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरून गाडीने चालला होता. वर चंद्र, दूर बर्फाचे डोंगर आणि खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. त्याने गाडी थांबवून आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा भला मोठा कॅमेरा उभा केला आणि पाहतो तर लाइट मीटर सापडेना. ऊन तर चाललेलं. चंद्राची प्रखरता किती असते हा आकडा त्याला तोंडपाठ होता. त्यावरून त्याने मनातच एक्स्पोजरचं गणित केलं आणि शटर उघडलं. दुसरा फोटो घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं. ते ज्ञान अंगात नसतं, तर तो फोटोही नसता. पुढे १९४८ मध्ये त्याने त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाने पुन्हा काम केलं आणि वर्षानुवर्षं प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. म्हणजे तुम्ही ज्याला कसब म्हणता त्याला मोल होतंच, आणि आहे.

मला यातून एक फरक दिसतो. ॲडम्सला चंद्राचा आकडा यासाठी हवा होता की फोटो कसा दिसायला हवा हे त्याच्या मनात ठरलेलं होतं. आधी मनातलं चित्र, मग त्यासाठी लागणारं गणित. गणित करून द्यायला आज यंत्र आहे. मनातलं चित्र नसेल तर मात्र यंत्र तेही स्वतःचंच देतं. खरी काळजी करायची ती इथे, आणि या बाबतीत तुमची अस्वस्थता मला योग्य वाटते.

एक साधी गोष्ट करून बघा. दिवेलागणीच्या वेळी, खोलीत दिवा लावायच्या आधी, फोनने एक फोटो काढा. डोळ्यांना खोली निळसर, अंधारी दिसते. फोटोत ती बऱ्याचदा उजळ येते, कोपऱ्यातली खुर्चीसुद्धा स्वच्छ दिसते. फोनने एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतल्या, एकमेकींवर बसवल्या, सावल्या उचलल्या, दाणेदारपणा पुसला. त्याला सांगितलेलं असतं की लोकांना सगळं स्पष्ट दिसलेलं आवडतं. पण तुम्हाला तर संध्याकाळ हवी होती. तिथे फोनने तुमच्या वतीने एक निर्णय घेतला आणि तुम्हाला विचारलं नाही. तसंच मागचं धूसर करण्याचं. भिंगाने होणारा धूसरपणा अंतराप्रमाणे हळूहळू वाढतो, फोनचा हिशेबाने केलेला असतो. विस्कटलेले केस किंवा चष्म्याची दांडी असेल तिथे तो चुकतो, कडा कापल्यासारखी दिसते. भाचीच्या फोटोत सुईतल्या दोऱ्याचं काय झालंय ते मोठं करून पाहा. टोक पुसलं गेलं असेल तर ते तिला दाखवण्यासारखं आहे, मात्र हिणवण्यासाठी नाही.

म्हणून तिला ॲपर्चर माहीत नाही याचं मला फारसं वाटत नाही. फोन कुठे कुठे परस्पर ठरवतो हे तिला माहीत नसेल, तर ते कुणीतरी सांगायला हवं. आणि ते सांगायला तुमच्याइतकं योग्य माणूस तिच्या आसपास दुसरं कुणी नसावं. उजेड मोजला म्हणजे काय, पांढरी भिंत राखाडी का येते, सावली काळी ठेवली तर काय हाती लागतं, हे तुम्ही हातांनी शिकलेले आहात.

फोटोंच्या पुराबद्दल थोडंसंच. लोक दिवसाला शेकड्यांनी फोटो काढतात, मग त्यात कला कसली, असाही सूर तुमच्या पत्रात आहे. पण बहुतेक फोटो कधीच कलेसाठी नव्हते. लग्नाचे अल्बम, शाळेचे गटफोटो, ओळखपत्रावरचे चेहरे, सगळे रोलवरचेच होते आणि त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही. बोरू जाऊन बॉलपेन आलं, बॉलपेन जाऊन कीबोर्ड आला, लिहिणारे लाखो झाले, म्हणून कविता संपली असं आपण म्हणत नाही. पुरामुळे एक मात्र झालंय: अवघड काम जागा बदलून बसलंय. पूर्वी ते शटर दाबायच्या आधी होतं, कारण ३६ च फ्रेम होत्या. आता ते नंतर येऊन बसलंय. पाचशेतून एक निवडायचा आणि उरलेले चारशे नव्याण्णव खरोखर सोडून द्यायचे. हे जमणारी माणसं आजही थोडीच आहेत.

डार्करूमच्या हट्टाबद्दलही एक सांगते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रिंट स्वतः काढत नसे, ते काम तो प्रयोगशाळेवर सोपवायचा. त्यामुळे ते फोटो कुणी प्रयोगशाळेचे म्हणत नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या ब्रिटिश छायाचित्रकर्तीच्या हातात वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ च्या अखेरीस, पहिल्यांदा कॅमेरा आला. फोकस नीट नाही, काचेवर डाग आहेत, कामात स्वच्छता नाही, असं तेव्हाचे तंत्रनिष्ठ लोक तिच्याबद्दल म्हणत. तिने काढलेले चेहरे आजही आपल्याकडे बघत असतात. तंत्र नेटकं असूनही मेलेले फोटो तुम्ही गटात पाहिले असतीलच.

आता मोबाइलच्या वेगळ्या विभागाचं. तसं सुचवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या महागड्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यातही डोळा ओळखून फोकस धरणारं यंत्र आहे, आणि फोनवर सगळं हाताने ठरवून फोटो काढणारेही आहेत. उपकरणावर रेघ ओढली तर ती कुठेच नीट बसणार नाही. रेघ ओढायचीच असेल तर फोटो काय दावा करतो त्यावर ओढा. समोर जे होतं त्यावर पडलेला उजेड म्हणजे हा फोटो, असा दावा असेल तर एक विभाग. अनेक फोटो जोडून, आकाश बदलून किंवा संगणकाकडून बनवून घेतलेली प्रतिमा असेल तर दुसरा, आणि तसं तिच्याखाली लिहिलेलं असावं. हा प्रश्न आता खरा झालाय. २०२३ साली बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये मिळालेलं एक पारितोषिक नाकारलं, कारण त्याने पाठवलेली प्रतिमा एआयने बनवलेली होती. फोटोच्या स्पर्धेत तिची जागा नाही, हेच त्याला दाखवायचं होतं.

हातफिरवणी पूर्वीही होती, हे विसरू नका. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९३६ साली काढलेल्या एका स्थलांतरित मजूर आईच्या प्रसिद्ध फोटोत कोपऱ्यात एक अंगठा दिसत होता, तो नंतर निगेटिव्हवरून पुसला गेला. तेव्हा नियम करताना ‘काहीच बदललेलं नको’ असा करू नका, तो कुणालाच पाळता येणार नाही. उजेड कमी-जास्त करणं, कापणं, काळंपांढरं करणं चालेल. समोर नसलेलं आणणं किंवा समोर असलेलं नाहीसं करणं चालणार नाही, असं काही तुमच्या गटाला मानवेल ते ठरवा. निवडीच्या शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागवा. एवढ्याने बरेच वाद मिटतात.

तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दल. कपाटात ठेवू नका. यंदा एकही फोटो निवडला गेला नाही, याचा दोष तंत्रज्ञानाला देण्याआधी ते फोटो पुन्हा एकदा समोर मांडा. कठोर वाटेल, पण विचारते: त्यातला एखादा फोटो तुम्हाला काढताना अवघड गेला म्हणून प्रिय आहे का? मंद उजेड, तिवई नाही, तरीही हात न हलवता घेतलेला? पाहणाऱ्याला ती मेहनत दिसत नसते. त्याला समोरची चौकट दिसते. आपण सगळेच इथे फसतो. ज्या फोटोने सर्वांत जास्त घाम काढला, त्याला आपण सर्वांत वर ठेवतो. महिनाभर फोटो बाजूला ठेवून मग निवडायची सवय केली तर घाम वाळतो आणि फोटो दिसायला लागतो.

दुसरं, रोल अजून मिळतात. मनापासून वाटत असेल तर एक घाला. फक्त तो कुणाला काही सिद्ध करून दाखवायला घालू नका. ट्रेमधून चेहरा वर येताना पाहायचा आनंद हे पुरेसं कारण आहे. त्याला वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र लागत नाही.

तिसरं, आठवडाभर फक्त फोनने फोटो काढा. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात. मग बोट खाली सरकवलं की फोटो काळोखा होतो. याने संध्याकाळ संध्याकाळसारखी ठेवता येते. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, झूम करायच्या ऐवजी दोन पावलं पुढे जा. दिवसाला दहाच फोटो, असं स्वतःला बांधून घ्या. इतक्या वर्षांचं तुमचं शिक्षण त्या छोट्या काचेवर किती उपयोगी पडतं ते तुम्हालाच कळेल. ज्यांची सुरुवातच फोनवर झालीय, त्यांनीही हेच करून पाहावं, आणि महिन्यातून एक तरी फोटो कागदावर छापून घ्यावा. छापलेल्या फोटोसमोर माणूस पडद्यापेक्षा जास्त वेळ थांबतो, आणि थांबला की चुका दिसतात.

राहिली भाची. ती आता फोटो दाखवत नाही, हे पत्रात एकाच वाक्यात आहे, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलं गेलंय. तुम्ही चार लोकांसमोर बोललात, तेव्हा परत घेतानाही चार लोकांसमोर घ्या. ‘तेव्हा मी चुकीचं बोललो’ एवढं पुरेसं आहे. फोटो चांगला आहे असं नुसतं म्हणू नका, ते तुम्ही आधीही म्हणाला होतात आणि त्याला ‘पण’ जोडला होता. काय चांगलं आहे ते सांगा: तू खाली बसलीस म्हणून हात दिसले, तू बोलत राहिलीस म्हणून आई मोकळी होती. इतकं नेमकं कौतुक जाणकार माणूसच करू शकतो, आणि १९ वर्षांच्या मुलीला खरं कौतुक कुठलं ते लगेच कळतं. ती लगेच फोटो दाखवायला येईलच असं नाही. थोडं थांबावं लागेल.

तोवर तुमचे जुने निगेटिव्ह काढून ठेवा. एखाद्या दुपारी खिडकीच्या काचेवर पट्ट्या धरून तिला दाखवा, चांगले तेवढेच नाहीत, सगळे ३६, ओळीने. हललेले, काळे पडलेले, एकाच गोष्टीचे सलग पाच. त्यातला कुठला छापायचा असं तुम्ही ठरवलं होतंत ते तिला आधी सांगू नका, तिला निवडू द्या. आणि तिने भलत्याच फ्रेमवर बोट ठेवून ‘मामा, हा का नाही छापलास?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायची घाई न करता ती पट्टी पुन्हा एकदा उजेडासमोर धरा.